बाबांचा तत्त्वज्ञ आणि शेजारची रूथ

जॉन्सनव्हिल, गुरुवार, जून २०१४

रूथनं पुस्तक मिटलं, एवढंच बाबा सारखं सांगताहेत.

पुण्याच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर एकच जर्मन तत्त्वज्ञ शिकवला. मृत्यूचं भान असल्याशिवाय माणूस खरा जगतच नाही, हे त्याचं म्हणणं मी लहानपणी जेवताजेवता ऐकलंय. इथे परदेशात माझ्याकडे आल्यापासून त्यांना बोलायला कुणी नव्हतं. मग शेजारच्या म्हाताऱ्या रूथची मातृभाषा जर्मन निघाली आणि बाबा खुलले. रोज दुपारचा चहा तिच्याकडे.

आज ते त्याचं पुस्तक घेऊन गेले, मोठ्यानं वाचायला लागले. तिनं ते हातातून घेतलं, हलकेच मिटलं. म्हणाली, "हा नाझी पक्षात होता. माझे वडील त्यांच्या छळछावणीतून परत आले नाहीत."

"तुम्हाला माहीत नव्हतं?" मी बाबांना विचारलं.

"होतं. त्यानं कधी माफी मागितली नाही, तेही. माणूस वेगळा, विचार वेगळा, असं मुलांना सांगत आलो. तिच्यासमोर ते तोंडातून निघेना."

संध्याकाळी मीच रूथकडे जाऊन आले. ती रागावलेली नव्हती.

"तुझे बाबा जर्मन फार सुंदर वाचतात," ती म्हणाली. "थेट माझ्या वडिलांसारखं. म्हणून ऐकवेना."

हे त्यांना कसं सांगू? आत्ताच त्यांनी विचारलं, "उद्या जाऊ का गं तिच्याकडे?" मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले.