डोंगराशेजारचा ठिपका

बाबा,

ठाण्याचे डॉक्टर मागच्या रविवारी डोंबिवलीला आपल्याकडे आले होते. तुम्हाला आठवत असतील. हौसेने फोटो काढायचे, तुमच्याकडून डेव्हलपरची कृती कागदावर उतरवून न्यायचे आणि तरी काचेच्या प्लेटा काळ्या करून परत यायचे. आता त्यांचे केस पांढरे झालेत. त्यांच्या मंडळींनी एका शाळेच्या हॉलात जुन्या छायाचित्रांचं प्रदर्शन मांडायचं ठरवलंय आणि त्यांना तुमचा डोंगर हवाय. आईने ट्रंकेतून प्रिंट काढून दिली. डॉक्टरांनी ती खिडकीपाशी नेली, चष्मा वर केला, खाली केला. म्हणाले, "वहिनी, मास्तरांचा हात तो मास्तरांचाच. पण आभाळ जरा रिकामं नाही वाटत? काहीतरी हवं होतं तिथे." आई म्हणाली, "हवं होतंच. पक्षी हुकला म्हणायचे ना ते." मी कप उचलायला वाकले होते. एक कप बशीवरून घसरला आणि आई म्हणाली, "अगं, लक्ष कुठाय तुझं?" लक्ष कुठे होतं ते मी सांगितलं नाही. दहा वर्षं सांगितलेलं नाही.

या पत्राची ही चौथी सुरुवात आहे. पहिल्या तीन फाडल्या, कारण प्रत्येकीत मी स्वतःला थोडं बरं दाखवत होते. आधी साध्या गोष्टी लिहिते. मी हल्ली ठाण्याला कचेरीत नकाशे ट्रेस करते. जुन्या नकाशावर आरपार दिसणारं मेणकापड पसरायचं आणि खालच्या रेघा शाईने वर उतरवायच्या. माझं काम चांगलं आहे असं म्हणतात, फक्त फार सावकाश. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ परवा सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, तो ठिपका विहीर आहे की माशीची घाण, एवढं ठरवायला दोन दिवस? तोवर गावकरी नवी विहीर खणतील." सगळे हसले, मीही हसले. पण भिंगाखाली पाहिल्याशिवाय मी एकही ठिपका सोडत नाही. माझ्या कामाच्या वहीत साहेबांनी 'अतिशय काळजीपूर्वक' असा शेरा लिहिला तेव्हा मला लाज वाटली. ती काळजी कुठून आली ते त्यांना माहीत नव्हतं.

कल्याणच्या स्टुडिओची मागची खोली आठवते. हिवतापामुळे मी नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. माझी शाळा तीच खोली. अक्षरं मी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून शिकले आणि अपूर्णांक औषधांच्या प्रमाणांवरून. तुम्ही विचारायचात, "पाव भाग यात, पाव भाग त्यात, एकूण किती?" मी अर्धा म्हटलं की म्हणायचात, "वा! आता सांडू नकोस." मग रिटचिंग शिकवलंत. उतरत्या काचेच्या टेबलावर निगेटिव्ह ठेवायची, मागून आरशाचा उजेड, वरून पातळ वार्निशचं एक बोट आणि सुईसारखी टोक काढलेली पेन्सिल. नवरीमुलींच्या देवीच्या खुणा भरायच्या, शेठजींच्या डोळ्यांखालच्या पिशव्या हलक्या करायच्या. आणि धुळीची भोकं. फोटो घेताना काचेवर धुळीचा कण बसला की तिथे उजेड पोचत नाही. निगेटिव्हमध्ये तेवढी जागा कोरी राहते आणि प्रिंटमध्ये काळा ठिपका उमटतो. ती कोरी जागा पेन्सिलीने भरून टाकायची. तुमचा एकच नियम होता: आधी भिंग, मग हात. एकदा मी भिंगाशिवाय एका म्हाताऱ्या बाईच्या गालावरचं गोंदण भरून टाकलं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. एवढंच म्हणालात, "ती आता घरी जाऊन म्हणेल, ही मी नव्हेच." मी दोन दिवस नीट जेवले नव्हते.

स्टुडिओ पोटासाठी होता. तुमचा जीव थंडीत अडकायचा. पौष लागला की तुम्ही पहाटे गच्चीवर जाऊन हवा बघायचात. उल्हासच्या खोऱ्यात धुकं साचलं की तुम्हाला घरात चैन पडायचं नाही. मग लाकडी कॅमेरा, तिपाई आणि मोजक्या प्लेटा घेऊन वांगणीला उतरायचं, पायथ्याच्या गावात राहायचं आणि झुंजुमुंजू होता होता चंदेरीच्या डोंगरासमोरची सोंड चढायची. किती हिवाळे गेलात ते मला सांगता येणार नाही. वानरांचे फोटो आणलेत, कड्यावर उन्हाला ओळीने बसलेली, सगळ्यांची तोंडं एकीकडे, ग्रुप फोटोला बसवल्यासारखी. ओढ्यावर आलेल्या भेकराचा आणलात, हललेला. पण हवा होता तो एकच. खाली धुक्याचा समुद्र, त्यातून वर आलेला सुळका आणि सुळक्याच्या उजवीकडे तरंगणारा गरुड. कड्यात एक जोडी राहायची. मी विचारलं होतं, "डोंगर एवढा सुंदर आहे, तर पक्षी कशाला?" तुम्ही म्हणालात, "पक्ष्याशिवाय तो डोंगर केवढा ते कळत नाही. टेबलावरचा दगडही असाच दिसेल." आणि मी मागे लागले की म्हणायचात, "यंदा नाही. यंदा मिळाला तर डोंगर संपला, मग आपण समुद्रावर जाऊ. नाही मिळाला तर पुढल्या थंडीत तुला वर घेऊन जाईन."

त्या वर्षी तुम्ही एका संध्याकाळी डोंगरावरून आलात, प्लेट धुतलीत आणि वाळायला घोडीवर लावलीत. दुसऱ्या दिवशी उजाडताच तुम्हाला निर्वासितांच्या छावणीत जायचं होतं, लोकांचे अर्जासाठी फोटो काढायला. प्लेट नीट न बघताच तुम्ही गेलात. घोडीवर सहा काचा होत्या. पाच चेहऱ्यांच्या आणि एक डोंगराची. मी सकाळी बसले आणि ओळीने काम करत गेले. भिंग तुम्ही छावणीत नेलं होतं. ही सबब नव्हे. भिंग नसेल तर थांबायचं, हे मला माहीत होतं. पण तुम्ही आल्यावर सगळं तयार दिसावं, म्हणून मी थांबले नाही. डोंगराच्या आभाळात तीन कोऱ्या जागा होत्या. दोन गोल. तिसरी जरा आडवी, सुळक्याच्या उजवीकडे. तीही भरली. पेन्सिल त्या कडांवर नीट बसेना, म्हणून दोनदा फिरवली. छान जमलं असंही मला वाटलं.

दुपारी तुम्ही प्रिंट काढलीत आणि ओलीच खिडकीत धरलीत. मग भिंग काढलंत. "इथे होता," तुम्ही म्हणालात. "मी बघितला होता. दाबलं तेव्हा इथेच होता." मला तेव्हाच कळलं. तुम्ही वळून विचारलंत, "प्लेटवर काही काम केलंस?"

"धुळीची भोकं भरली."

"किती?"

"दोन."

प्लेट तुमच्या हातात होती. उजेडात तिरकी धरली असतीत तर पेन्सिलीची चमक तीन ठिकाणी दिसली असती. तुम्ही तिरकी धरली नाहीत. मी दोन म्हटलं म्हणजे दोन. प्लेट खाली ठेवून स्वतःच्या अंगठ्याकडे बघत म्हणालात, "मग मीच हुकलो. उशीर झाला असणार. हात जड झाला माझा." आणि प्लेटच्या पाकिटावर लिहिलंत: हुकला. टर्पेंटाइनचा एक बोळा फिरवला असता तर पेन्सिल निघून पक्षी परत आला असता. बाटली माझ्या कोपरापाशी होती.

पुढच्या थंडीत तुम्ही शब्द पाळलात. पायथ्याच्या गावातला तुमचा ठाकर वाटाड्या मला बघून म्हणाला, "मास्तर, औंदा पोरगी आनली?" तुम्ही म्हणालात, "आणली. हिची नजर माझ्यापेक्षा बारीक आहे." तो म्हणाला, "मंग हिला दिसंल. तुमी निसती तिपाई धरा." अंधारातून चढताना गवतावरचं दव पायांना चावत होतं. भेकर भुंकलं आणि मी तुमचा सदरा घट्ट धरला. वाटाड्या हसून म्हणाला, "तेच आपल्याला भ्यालंय, बाय." वर पोचतो तर खाली काहीच नाही. कल्याण नाही, नदी नाही, रूळ नाहीत. नुसतं पांढरं, आणि त्यात सुळका. तुम्ही मला काळ्या कापडाखाली घेता. काचेवर डोंगर उलटा टांगलेला आहे, धुकं वर, आभाळ खाली. तुमच्या सदऱ्याला प्लेटा धुवायच्या हायपोचा वास येतोय. तुम्ही प्लेट सरकवता, शटरचा रबरी फुगा माझ्या हातात देता आणि म्हणता, "यंदा तू. माझा भरवसा नाही."

ऊन कड्यावर आलं तशी वानरं बोलायला लागली. मग तो निघाला. पंख न हलवता, कड्याच्या पोटातून सरकत उजवीकडे आला. पंखांच्या टोकांची पिसं बोटांसारखी सुटी दिसत होती. तुम्ही हळूच म्हणालात, "दाब." मी बघतच राहिले. बाबा, मी त्याला ओळखलं. पेन्सिल ज्या कडांवर नीट बसली नव्हती, त्या त्याच कडा. मी दाबलं तेव्हा तो सुळक्यामागे गेला होता. वाटाड्या कपाळावर हात मारून म्हणाला, "गेला की!" मी रडायच्या बेतात होते. तुम्ही मात्र मोठ्याने हसलात, इतके की वानरं गप्प झाली. "बापाची लेक! आपल्या घरातच उशीर आहे." माझ्या चुकीला तुम्ही तुमच्या चुकीची सोबत दिलीत, आणि तुमची चूक तर झालीच नव्हती. मी म्हटलं, "बाबा." तुम्ही म्हणालात, "काय गं?" मी म्हटलं, "थंडी वाजतेय." तुम्ही गळ्यातला मफलर काढून माझ्या डोक्याला गुंडाळलात. दुसरी प्लेट होती, पण तोवर धुकं वर चढलं आणि सुळकाही गेला. आपण दगडावर बसून भाकरी आणि चटणी खाल्ली. उतरताना तुम्ही मला बिबट्याचा पंजा दाखवलात, धुळीत उमटलेला, ताजा. "आपण वर बसलो होतो तेव्हा हा खालून गेला," असं सांगताना तुम्हाला कोण आनंद झाला होता.

त्याच वैशाखात तुम्ही विषमज्वराने गेलात. डोंगराचा त्याच्याशी संबंध नाही, मी डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलंय. पण तापात तुमचा उजवा अंगठा चादरीवर दाबला जायचा, सुटायचा, पुन्हा दाबला जायचा. आईला वाटायचं पाणी मागताय. मला माहीत होतं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते आणि खोलीत बायका होत्या, म्हणून मी बोलले नाही. बायका नसत्या तरी बोलले असते का, याची मला खात्री नाही.

आज सुट्टी होती. मी प्लेट काढली, काडीला कापूस गुंडाळला, टर्पेंटाइनमध्ये बुडवला. तीनदा उठून पाणी प्याले. मग पुसलं. वार्निश पिवळं पडलं होतं, पण सुटलं. आधी भिंग लावलं. तो आहे, बाबा. नखावरच्या पांढऱ्या डागाएवढा आहे, पण डावा पंख किंचित वर उचललेला दिसतो आणि टोकाची पिसंही मोजता येतात. तुमचा अंगठा अगदी वेळेवर पडला होता. दोन गोल भोकं मी तशीच भरलेली ठेवली.

आईला खिडकीपाशी बोलावलं. तिने काच उजेडाकडे धरली. म्हणाली, "म्हणजे मिळाला होता?" मी म्हटलं, "हो." "मग ते हुकला का म्हणायचे?" मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती रागावेल. तिने काच माझ्या हातात परत दिली, पदराने बोटं पुसली आणि म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं त्यांना सांग." आणि भाजी चिरायला गेली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "लहान होतीस. घाबरलीस."

उद्या नवी प्रिंट काढायला प्लेट डॉक्टरांकडे पोचवीन. त्यांनी विचारलं तर पेन्सिल कोणाची होती तेही सांगेन. पाकिटावर तुमच्या अक्षरातलं 'हुकला' आहे. ते खोडायला मघाशी टाक उचलला आणि ठेवून दिला. तुमच्या कामावर न विचारता हात फिरवायचा तो एकदा फिरवून झालाय. पाकीट इथेच राहील आणि त्यात हा कागद.

आईने म्हटलं ते मात्र खरं नाही. मी घाबरले होते, पण ते संध्याकाळपर्यंतच. पुढे वर्षभर गप्प बसले, कारण पक्षी मिळाला असता तर डोंगर संपला असता आणि मला तुमच्याबरोबर वर यायचं होतं. गेले चार तास ही एक ओळ टाळून बाकी सगळं लिहीत होते. ती पहाट मी अजूनही कोणाला द्यायला तयार नाही. आज तुम्ही ओली प्रिंट हातात घेऊन पुन्हा वळलात आणि विचारलंत किती, तर मी दोनच म्हणेन.