गोरोता कासवाची चुगली

असागाया, टोकियो
२४ मार्च

प्रिय चिझुरू,

तुझ्या बापाचे आशीर्वाद. संत्र्यांची पेटी पोचली. दोन नासली होती, बाकीची गोड आहेत. इथे झाडांचे पराग उडायला लागलेत आणि माझं नाक सारखं वाहतंय. तुझी आई ठणठणीत आहे. इतकी, की गेल्या शनिवारपासून माझ्याशी बोलायचीही तिला गरज वाटत नाही. तुझा नववा महिना आहे, वाकून फरशी पुसत बसू नकोस. नवऱ्याला कामाला लाव, त्याचे हात काही झिजत नाहीत.

झालं हवापाणी. आता मुद्द्याचं.

नाओ आजोबाच्या फोनपाशी येत नाही, 'गोरोताला सांग, मी घरी नाही' म्हणते, असं तू लिहिलंयस. आणि खाली मला धीर देतेस, 'बाबा, सिनेमाच तो, चार दिवसांत विसरेल.' विसरणार नाही गं ती. म्हणून तर लिहायला बसलोय.

सतरा वर्षं मी त्या गोरोता कासवाचा आवाज काढतोय. दर वसंतात एक सिनेमा, दर सिनेमात तीच सात पाणमांजराची पिल्लं, आणि संकट आलं की माझं तेच वाक्य, 'घाबरू नका, मी आहे ना!' या देशातली अर्धी पोरं ते ऐकून झोपलीत. आणि या वर्षी? या वर्षी त्याच गोरोतानं, एका नव्या चकचकीत कवचासाठी, सातही पिल्लांची गुहा कोल्ह्यांना दाखवून दिली. वर तेच वाक्य म्हणत दार उघडलं.

पहिल्या खेळाला आम्हा आवाजवाल्यांना पडद्यापुढे उभं करून लोकांना नमस्कार करायला लावतात, तुला माहीतच आहे. मी वाकलो, तेव्हा समोर तीनशे पोरं भोकाड पसरून रडत होती. एकीनं आपला बूट काढून फेकला. नेम चांगला होता. तुझी आई पहिल्या रांगेत होती. तिनं टाळ्या वाजवल्या. बूट फेकणाऱ्या पोरीसाठी. घरी आल्यावर एकच बोलली, 'नव्या कवचात उकडत नाही ना?' तेव्हापासून गप्प आहे.

गल्लीतही तेच. कोपऱ्यावरची मासेवाली सायतो, जी वीस वर्षं मला बांगडा निवडून द्यायची, ती म्हणते कशी, 'तुम्हाला आता मासे कोल्हेच पोचवत असतील ना घरपोच?' आणि सगळ्यात मरतुकडा बांगडा कागदात गुंडाळला. मीही मुकाट्यानं घेतला.

तुम्हाला आधी का सांगितलं नाही, तर सांगायची बंदी होती. संहितेच्या शेवटच्या पानांवर लाल शिक्का होता, आणि घरच्यांनाही सांगणार नाही असं आमच्याकडून लिहून घेतलं होतं. तेव्हा माझा इलाज नव्हता.

हे खरं आहे. पण अर्धंच खरं आहे, आणि तू माझी लेक आहेस, तुला अर्ध्यावर गप्प बसवता येत नाही हे मला तुझ्या चौथ्या वर्षापासून माहीत आहे. संहितेत आधी दगा बगळा देणार होता. मीच दिग्दर्शिका साकाकीबाईंच्या मागे लागलो. म्हटलं, 'बाई, बगळ्यानं दगा दिला तर कुणाला धक्का बसणार? बगळ्यावर आधीच कोण विश्वास ठेवतं? धक्का द्यायचा तर गोरोतानं द्यावा.' त्यांना पटलं. खरं सांगू? सतरा वर्षं 'मी आहे ना, मी आहे ना' करून मला वीट आला होता. मरायच्या आधी एकदा तरी लोकांनी म्हणावं, म्हातारा नट होता! म्हटलं गं लोकांनी. पेपरात छापूनही आलंय. कात्रण पाठवणार होतो, पण राहू दे.

एवढ्यावर पत्र संपवता आलं असतं. मघाशी संपवलंही होतं, सही करून पाकीटही चिकटवलं होतं. परत फोडलं.

तुम्हाला वाटतं नाओ कासवावर रागावली आहे. ती कासवावर नाही, माझ्यावर रागावली आहे, आणि बरोबर रागावली आहे. चार वर्षं दर रविवारी सकाळी ती फोन करायची, तू कपडे वाळत घालायला गॅलरीत गेलीस की म्हणायची, 'गोरोताला बोलव.' मी आवाज बदलायचो आणि ती कुजबुजत सांगायची. कुणाचा खोडरबर घेतला, कुठे कुठे गाजर लपवलं. तुला वाटायचं आम्ही खेळतोय. मलाही तसंच वाटायचं, चुकलं ते तिथेच. ऑक्टोबरात तिनं एक वेगळंच गुपित सांगितलं. गाजराचं नव्हतं. म्हणाली, 'फक्त तुला सांगितलंय हं.'

पुढच्याच आठवड्यात दगाफटक्याच्या प्रसंगाचं ध्वनिमुद्रण होतं. आम्ही सगळे माइकपुढे उभे. सगळ्यात लहान पिल्लाला वाक्य होतं, 'तुम्ही आमचा घोर विश्वासघात केलात!' साकाकीबाईंनी कागद भिरकावला. 'सहा वर्षांचं पोर असं बोलतं का? कुणी लिहिलंय हे, वकिलानं?' जो तो आपापले कागद चाळायला लागला. आणि तुझा बाप, शहाणा, पुढे होऊन म्हणाला, 'माझ्याकडे एक वाक्य आहे.'

ते नाओचं वाक्य होतं. शब्द न् शब्द तिचा. ते म्हणताना त्या पिल्लाची नटी खरोखरची रडली, बाई माझे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या, आणि दुपारी माझ्यासाठी भाजलेला ईल मासा आणि भात मागवला, मोठ्या डब्यातला. मी चवीनं खाल्ला. गोरोताला निदान कवच तरी मिळालं. मी एका जेवणावर विकलं.

आणि माझ्या नातीनं ते अंधारात, अनोळखी माणसांच्या मधोमध बसून, भोंग्यासारखं मोठ्या आवाजात ऐकलं. मला लाज वाटते, चिझुरू. चौऱ्याहत्तराव्या वर्षी नव्यानं लाज वाटते आहे.

ते वाक्य कोणतं, हे तुला सांगणार नाही. पाय आपटू नकोस, नववा महिना आहे. ते तिचं आहे, आणि मी ते एकदा वाटून बसलोय. तू सिनेमा पाहिलायस, पण आठवत बसू नकोस. आठवलंच, तर आठवलं नाही असंच वाग, आणि तिला जरा जास्त वेळ मांडीवर घे.

सोबत छोटं पाकीट आहे ते नाओचं. मोठ्या, सोप्या अक्षरांत लिहिलंय, तिला वाचता येईल. ते तू उघडायचं नाही. उघडलंस तर त्या सिनेमात तुलाही एक भूमिका आहे असं समज.

तुझा, आवाज बसलेला,
बाबा

*

नाओ,

हे पत्र गोरोताचं नाही. आजोबांचं आहे. गोरोता हा फक्त एक आवाज आहे, तो काढणारा मी. म्हणून त्याच्यावर रागावू नकोस. माझ्यावर रागाव.

तू मला म्हणालीस, 'बाळ आलं की माझ्याकडे कोण बघणार?' त्यातलं 'माझ्याकडे कोण बघणार?' हे मी सिनेमातल्या लोकांना सांगितलं. तुझं नाव नाही सांगितलं, पण सांगितलं. तुला विचारलं नाही. तू मला सांगितलंस यात तुझं काहीच चुकलं नाही. मी पुढे सांगितलं, ते चुकलं. मला माफ कर. आज नाही केलंस तरी चालेल.

मी पुन्हा तो आवाज काढणार नाही. तू रविवारी फोन केलास तर माझ्याच आवाजात बोलेन. तो जरा खरखरीत आहे. नाही केलास, तरी मी नऊ वाजता फोनजवळ बसेन.

तुझं एक गुपित माझ्याकडून फुटलं. म्हणून आता माझं एक तू घे.

तुझी आई जन्मली तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो. मोठा माणूस, मिशा होत्या. तुझी आजी दिवसभर त्या बाळाकडेच बघायची. मला वाटलं, संपलं, आता माझ्याकडे कोण बघणार? मला इतका राग आला, की मी दोन दिवस घरी जेवलोच नाही. तिसऱ्या दिवशी फार भूक लागली. हळूच स्वयंपाकघरात गेलो, तर माझं जेवण झाकून ठेवलेलं होतं. आजी तिन्ही दिवस झाकून ठेवत होती. मी का जेवलो नाही, ते तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आजीला नाही, तुझ्या आईला तर नाहीच नाही. आता ते तुझ्याकडे आहे. ठेवायचं तर ठेव. आईला सांगावंसं वाटलं, तर जा आणि तिच्या कानात सांग. तुमच्या सगळ्या मात्सुयामा शहराला ओरडून सांगितलंस, तरी मला रागावायचा हक्क नाही.

ज्यानं तुझं गुपित फोडलं तो,
तुझा आजोबा