डोंगराची खरी कड

कलाकार-निवास, ४ मे

ती. वेर्नामावशीस लोरेटाचा सा. न.

राष्ट्रीय उद्यानवाल्यांनी मला या वाळवंटात एक दगडी खोली दिली आहे. महिनाभर चित्रं काढायची आणि एक त्यांना देऊन जायचं, एवढीच अट. ते मी आजच दिलं, त्यांच्या दालनात लागलंही. आपलं खडकातलं कुंड! नाव लिहिलं नाही, वाट दाखवली नाही, तेव्हा ओरडू नकोस. फोटो सोबत आहे. आई असती तर हरखली असती. इथलं जेवण मिळमिळीत आहे, तुझ्या घेवड्याची फार आठवण येते.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी लोरेटा

घरून, ९ मे

चि. लोरेटास मावशीचे आशीर्वाद.

ओरडू नको म्हणतेस? अगं शहाणे, मागची डोंगराची कड जशीच्या तशी काढलीस की! आजोबांनी वाट कधी तोंडानं सांगितली का? कड दाखवायचे आणि ती समोर जुळेपर्यंत चालवायचे. तू तर साऱ्या जगाला वाट सांगून बसलीस. जूनमध्ये सग्वारो निवडुंगाची फळं काढायला आपण तिथे तळ टाकतो, तो त्या पाण्याच्या जिवावर. पाणी नासलं की तळ उठला म्हणून समज. ते चित्र दालनातून काढून घे.

राग ओसरला की माया कळवीन. तोवर घेवडा पाठवते आहे.
वेर्नामावशी

कलाकार-निवास, १७ मे

ती. मावशीस सा. न.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दोघे प्रवासी चित्रापुढे उभे होते. एकानं कडेवरच्या खाचेवर बोट ठेवून विचारलं, ही पश्चिमेची ना? दुसऱ्या सकाळी कुंडावर गेले तर पाण्यावर साबणाचा फेस, मावशी.

चित्र परत मागितलं. दालन सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, आता ते उद्यानाचं, पण शेवटचा हात फिरवायचा असेल तर न्या. आणलं, पण हात चालेना. आईनं मला खांद्यावर बसवून ती कड हवेत गिरवायला शिकवली होती गं! शेवटी रडत रडत खाच बुजवली, सुळका भलतीकडे नेला. बाई म्हणतात, आता चित्र जास्त छान दिसतं.

चुकले. तरी मला आपली म्हण.
लोरेटा

तळावरून, २४ जून

चि. लोरेटास आशीर्वाद.

येताना मुद्दाम दालनात डोकावले. पुष्कळ वेळ पाहिलं, ओळखीचं काही सापडेना. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईनं विचारलं, ही जागा कुठे आहे? म्हटलं, कुठेच नाही. मग मात्र मला रडू आवरेना. तुझी आईसुद्धा त्या चित्रात वाट चुकली असती, पोरी.

पाणी अजून गढूळच आहे, रानमेंढे फिरकलेले नाहीत. पिण्यापुरतं घरून आणलंय. पहिल्या फळाची साल तांबडी बाजू आभाळाकडे करून ठेवली, पाऊस बोलवायला. तो आला तर कुंड धुऊन निघेल.

तू पाठवलेला फोटो मी चुलीत घातला. आता खरी कड फक्त तुझ्या बोटात उरली आहे. फळं संपायच्या आत ये, आणि मला ती हवेत गिरवून दाखव.

राग गेला. वाट पाहते.
वेर्नामावशी