दोन उत्पन्नांचं घर

नागपूर, सोमवार

तीर्थरूप दादाजी भाऊजींस,

मनोहरचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. आपले गुडघे कुरकुरत नसावेत आणि कुसुमताईचा रक्तदाब तिच्या आवाजासारखा चढत नसावा, ही इच्छा.

आमच्या मयुराने स्वतः पसंत केलेला पियुष दुसऱ्या समाजातला, हे आपण मोठ्या मनाने पचवलेत (ताईला दोन महिने लागले). मला मात्र वेगळीच धास्ती होती. त्यांच्या समाजात पैसा फार, असे आमच्या गल्लीत शेंबडे पोरही सांगते. सीताबर्डीच्या कापडदुकानदाराची पोर ते दारात तरी उभी करतील का, या विचाराने मला जेवण गोड लागत नव्हते.

आता, आपल्याकडे घरटी उत्पन्ने दोन असतात, हे आपण जाणताच: एक सरकारी दाखल्यासाठी, एक सोयरिकीसाठी. शनिवारी पियुषकडचे कोणी घर पाहायला येणार होते आणि रविवारी कुठल्याशा संस्थेचे लोक, कोणत्या समाजाच्या घरात किती कमाई याची पाहणी करायला. शनिवारी भैरवी नावाची चुणचुणीत मुलगी आली आणि बसल्या बसल्या समाज, कमाई, शेती, फ्रिज विचारू लागली. ही पियुषची बहीण, असे मी धरून चाललो. वर्षाला अठरा लाख सांगितले आणि आपला काटोलचा संत्र्याचा बगीचाही माझ्याच नावावर केला (क्षमा असावी). तिने सगळे टिपून घेतले. जाताना म्हणाली, "काका, या गल्लीत ज्याले विचारा, तो दुसऱ्या समाजाकडंच पैसा आहे म्हणून राहिला. आपल्याकडं आहे म्हणणारे तुमीच पहिले."

रविवारी दोन पोक्त गृहस्थ आले. त्यांनीही तेच विचारले. मी टीव्हीवर चादर टाकून तयारच होतो. वर्षाला नव्वद हजार, दुकान दुसऱ्याचे, घर भाड्याचे, गाडी शेजाऱ्याची, असे सांगून थोडे डोळेही पुसले. तेव्हा त्यांतले एक जण कप खाली ठेवून म्हणाले, "मी पियुषचा मोठा काका. काल सवड नाई झाली." (म्हणजे भैरवी पाहणीवाली, एक दिवस आधीच आलेली. तिच्या तक्त्यात आपला समाज एकट्या माझ्यामुळे वर गेला असेल.) भाऊजी, पोरीचे लग्न आपणच आपल्या तोंडाने मोडले, असे वाटून मला खरेच रडू आले. पण काकांनी माझा हात धरला. "तुमच्या समाजात लई पैसा, असं आमच्याकडं सारेच म्हणतेत. आमाले धडकीच भरली होती. आता जीव हलका झाला, मनोहरराव. आमचंबी तुमच्यासारखंच आहे." सोयरीक तिथेच ठरली.

लग्नापर्यंत आता गरीब राहणे भाग आहे.

आपला आज्ञाधारक,
मनोहर

ता. क. साखरपुड्याला आपण आमचे शेजारी व्हावे आणि माझी गाडी आपली म्हणून चालवत आणावी. मी मागे अवघडून बसेन. आमचे घरमालकही आपणच. भाडे मागितलेत तरी चालेल, पण चारचौघांत ओरडून नको.

आणखी एक (मयुराच्या हातचे): आत्या, बाबा पाकीट आणायला गेलेत म्हणून लिहिते. पियुषच्या काकांचा बुटीबोरीला कारखाना आहे. रविवारी त्यांनी मोठी गाडी चौकात ठेवली आणि पुढची शंभर पावलं ऑटोनं आले. कोणाला सांगू नकोस, बाबा आणि ते काका दोघंही फार आनंदात आहेत. फक्त दोन्ही घरं एकमेकांची कीव करत बसली आहेत आणि हॉलची आगाऊ रक्कम भरायला कोणीच उठत नाही. तेवढी तू भर.