कौतिकच्या नावाची मूठ

मी, जीवराम वल्द चुडामण, वय अंदाजे एकसष्ट, धंदा शेती, राहणार मौजे वडगाव, तालुका पाचोरा, जिल्हा पूर्व खानदेश, राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. छातीत पाणी झाले आहे असे डॉक्टर सांगतात. डोके मात्र शाबूत आहे. ते पूर्वीही शाबूतच होते, म्हणून पुढे लिहिलेल्या गोष्टीचा दोष मला दुसऱ्या कशावर टाकता येत नाही.

१. राहते घर, गोठा, बैलजोडी, गाडी, औते आणि नदीकाठची जमीन चिरंजीव पितांबर यास द्यावी. घरातील मधली खोली माझी पत्नी तानुबाई हिची, ती हयात असेतोवर. सुनेने तिला उलटून बोलू नये आणि तानुबाईनेही थोडे कमी बोलावे.

२. मुलगी कमलबाई, दिल्या घरी धुळ्यास, हिला माझ्या आईच्या पाटल्या.

३. भाऊबंद छगन याने आमचे पितळी घंगाळ लग्नासाठी म्हणून नेले, ते परत आणलेच नाही. ते त्याच्याकडेच राहू द्यावे. त्याने मात्र कानबाईच्या दिवशी आमच्या ओट्यावर बसून शहाणपण सांगू नये. का, ते खाली येते.

४. माझा धाकटा भाऊ कौतिक, वय सत्तेचाळीस, जन्मापासून मतिमंद. त्याला चार शब्द नीट जोडता येत नाहीत, पण जनावरे त्याचे ऐकतात. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाचे नाव घेऊन सव्वा मूठ गहू घेतात. ज्याच्या नावाची मूठ तो घरचा. आई मंजुळाबाई हयात होती तोवर ती कौतिकचे नाव सर्वांच्या शेवटी आणि सर्वांत मोठ्याने घ्यायची. नाव ऐकले की तो हसायचा आणि दिवसभर हात जोडून देवीपुढे बसायचा.

आई वारली त्याच वर्षी कमलबाईचे जमत होते. होणारे व्याही, धुळ्याचे झुलालआबा, कानबाईच्या दर्शनाला येणार होते. छगन ओट्यावर बसून म्हणाला, "त्याले देव काय समजस? त्यानी मूठ कशाले?" पाहुण्यांनी नाव ऐकले तर कोण म्हणून विचारतील, पोरीचे मोडेल, असे माझ्याही मनात होतेच. सल्ला छगनचा, पण हात माझा. मी कौतिकला घोंगडी देऊन दोन दिवसांसाठी मळ्यात धाडले आणि त्याची मूठ घेतली नाही. तो वाटेवरून परत आला, तळहात पुढे करून म्हणाला, "मनी मूठ?" मी त्याला बांधापर्यंत हाताला धरून नेऊन सोडले.

लग्न झाले. पुढे झुलालआबाच एकदा म्हणाले, तुमच्या धाकट्या भावाचे आम्हाला आधीपासून ठाऊक होते, ते दिसत का नाहीत? तेव्हा तरी मूठ घ्यायला हवी होती. पण एकदा वगळलेले नाव पुन्हा घ्यायला तोंड लागते, ते मला नव्हते. त्याला काय कळते, असे म्हणत, दर कानबाईला त्याला मळ्यात धाडून मी बावीस श्रावण काढले. चार-पाच वर्षे तो विचारत राहिला. मग विचारायचा थांबला, आणि मला बरे वाटले. हे लिहिताना लाज वाटते.

५. गेल्या श्रावणात कानबाईच्या रविवारी मी विळा आणायला मळ्यात गेलो. खोपीत कौतिक मातीच्या मुठी घेत बसला होता. एकेक नाव घ्यायचा आणि ढीग लावायचा: जीवरामभाऊ, पितांबर, पितांबरचा पोरगा. तीन ढीग. पुढे दगड मांडून त्यावर झेंडूचे फूल ठेवले होते. मी विचारले, "तुनी कोठे?" तो म्हणाला, "मनी नही." रागाने म्हणाला असता तर सोसले असते. गाय व्याली नाही, असे सांगावे तसे त्याने सांगितले. मी विळा घेऊन घरी आलो, आणि त्याही वर्षी त्याच्या मुठीशिवायचाच रोट खाल्ला.

६. सबब, मी स्वतः घेतलेला पूर्वेचा तीन एकरांचा तुकडा कौतिकच्या अन्नवस्त्रासाठी. देखभाल तानुबाई करील, तिच्यामागे पितांबर. दस्तलेखक रतिलालभाऊ म्हणाले, मुठीची अट कायद्यात बसत नाही. मी म्हटले, कागदात तर बसते, लिहा. कानबाईच्या रोटासाठी पहिली मूठ कौतिकच्या नावाने, मोठ्याने, ओटा भरलेला असताना घ्यावी. ज्या वर्षी ती घेतली जाणार नाही, त्या वर्षापासून तुकडा कमलबाईच्या ताब्यात जाईल आणि कौतिकही तिच्याकडे राहील. माझ्या नावाची मूठ आता संपेल. तिची कोणी चिंता करू नये.

७. हे कलम मागाहून घातले आहे. वरील मजकूर आज कौतिकला समोर बसवून वाचून दाखवला. त्याच्या नावाची मूठ म्हणताना माझा आवाज फुटेना. त्याने नाव ऐकले की नाही, देव जाणे. कानबाई हा शब्द मात्र ऐकला. लगेच उठला, खुंटीवरची घोंगडी खांद्यावर टाकली, "मी मळामा जास" म्हणाला आणि कोणी न सांगता निघून गेला.

म्हणून पितांबरास बजावून लिहितो. श्रावणात गव्हाला हात लावण्याआधी मळ्यात जावे. गडी धाडू नये, स्वतः जावे. तो एका हाकेत येणार नाही. बावीस वर्षे मी त्याला जायला शिकवले आहे, यायला शिकवायला माझ्याकडे दिवस उरले नाहीत. तो येईपर्यंत बसून राहावे. उशीर झाला तर देवी थांबेल.

ठिकाण मौजे वडगाव. आषाढ वद्य सप्तमी, शके १८६०, मंगळवार, तारीख १९ जुलै १९३८.

सही: जीवराम वल्द चुडामण, दस्तुर खुद्द.

साक्षीदार: नथ्थू वल्द राघो, राहणार वडगाव, निशाणी अंगठा.
झुलाल वल्द दगा, राहणार धुळे, सही.

लिहिणार: रतिलाल, दस्तलेखक, पाचोरा.

कौतिक वल्द चुडामण याच्या अंगठ्यासाठी जागा कोरी ठेवली आहे. तो मळ्यात गेला आहे.