ओठांना आलेल्या मुंग्या

शनिवार, संध्याकाळ

दिंडोरीहून आम्ही दोघी तासाभरापूर्वी परतलो. उद्या तिथल्या द्राक्षबागेत पल्लवीचा कार्यक्रम, म्हणून आज साउंड चेक होता. माझी बहीण पहिल्यांदाच एकटी स्टेजवर गाणार. तिच्या गिटारचा अँप साउंडवाल्या राजूदादांच्या मिक्सरला जोडला आणि घरघर सुरू झाली. दादांनी पक्कड घेतली आणि अँपच्या प्लगची अर्थिंगची, म्हणजे शॉकपासून वाचवणारी, पिन सरळ मोडून टाकली. घरघर थांबली. सगळे खूश.

मग पल्लवी गायला लागली आणि दचकून मागे सरकली. "ओठांना मुंग्या आल्या गं!" हसत होती. हात गिटारच्या तारांवर, ओठ माइकला.

"एवढं तर होतंच, ताई," दादा म्हणाले.

होतं? स्टेज म्हणजे नुसती हिरवळच, तीही ओली, आणि ही अनवाणीच गाते.

घरी आल्यावर तिला म्हटलं, "मी नवा प्लग बसवते."

"बसव. पण घरघर आली तर ते परत मोडतील. मी अडवणार नाही. मला पुन्हा कोण बोलावेल?"

मुंग्याच आल्या ना फक्त? मग मला एवढी धडकी का भरली आहे?

प्लग बसवला. पण उद्या मी गाणं ऐकणार नाही. स्टेजमागे मेन स्विचवर हात ठेवून उभी राहणार आहे.