सुहासचा कॅचर आणि सुहासच्या बायकोचा डबा

मंगळवार, संध्याकाळ

सुहासने माझ्या नातीला, सईला, बेसबॉलच्या टीममधून काढलं आणि सांगायला बायकोला पाठवलं, चिवड्याचा डबा देऊन. म्हणे, "काकू, सईचा थ्रो कमी पडतो."

सई आता दुसऱ्या टीममध्ये आहे. शनिवारी पहिलाच सामना, तोही सुहासच्या टीमशी. आज त्यांची प्रॅक्टिस बघून आले. पहिल्या बेसवरची त्यांची पोरगी आमच्यापेक्षा चपळ, कबूल. पण बॅटरच्या मागे उकिडवा बसून बॉल झेलणारा तो कॅचर? बॉल घेऊन उठेपर्यंत माझी भाकरी भाजून होईल. सईला म्हटलं, पहिल्या बेसवर पोचलीस की त्याने बॉल फेकायच्या आत पळत दुसरा बेस गाठायचा.

डबा रिकामा परत देत नाहीत. शनिवारी जिंकल्यावर लाडू भरीन. पण न्यायला सुहासनेच यायचं, आणि कोण कमी पडलं तेही त्यानेच सांगायचं. बायको आली तर दार उघडणार नाही.